दाराची साक्ष

मोटारगाडीच्या दारालाही स्पर्शज्ञान असते, ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळांना अजून नवलाची वाटेल. आपल्या ओळखीचे दार म्हणजे बिजागरीवर फिरणारे, हाताने ओढायचे आणि धाडकन लावायचे. उत्तर अमेरिकेत मात्र कुटुंबासाठी ज्या मोठ्या व्हॅन वापरल्या जातात, त्यांना मागच्या बाजूस सरकती दारे असतात आणि त्यांतील पुष्कळशी विजेवर चालतात. कळ दाबली की दार आपोआप मागे सरकते. पुन्हा दाबली की पुढे येऊन आपल्या जागी घट्ट बसते. अलीकडे अशा काही गाड्या भारतातही आल्या आहेत. वृद्ध माणसे, कडेवर मूल असलेल्या आया आणि दोन्ही हातांत पिशव्या असलेले संसारी लोक यांना या दाराचे मोल विशेष कळते.

पण या सोयीच्या पोटात एक भयही दडलेले आहे. दार जड असते आणि ते ओढणारी मोटार तितकीच सशक्त असते. लागत्या दारात एखाद्या मुलाचा हात किंवा म्हाताऱ्या माणसाची बोटे सापडली तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून ही दारे घडविणाऱ्यांनी त्यांच्यावर दोन पहारेकरी नेमले आहेत. पहिला पहारेकरी मोटारीजवळ बसतो. मोटार फिरत असताना तिच्या गतीचे स्पंद तो मोजत असतो. स्पंद एकाएकी मंदावले, तर वाटेत काही अडथळा आहे असे समजून दाराचा नियंत्रक दार मागे फिरवितो. दुसरा पहारेकरी दाराच्या कडेवर उभा असतो. ती एक काळी रबरी पट्टी असते. बाहेरून पाहिले तर पाणी आणि वारा अडविणाऱ्या साध्या रबरासारखीच दिसते. परंतु तिच्या पोटात विजेचे दोन वाहक एकमेकांपासून किंचित अंतर राखून वरपासून खालपर्यंत गेलेले असतात. बोटाचा जरासा दाब पडला की हे दोन वाहक एकमेकांना टेकतात आणि दार तत्क्षणी माघार घेते. पहिल्याला अडथळा कळावा लागतो तो मोटारीवर भार पडल्यावर. दुसऱ्याला तो नुसत्या स्पर्शाने कळतो.

या दुसऱ्या पहारेकऱ्याची एक खुबी मला फार आवडते. पट्टीच्या अगदी टोकाला, दोन वाहकांच्या मध्ये, एक छोटासा रोधक जोडलेला असतो. तो समजा १००० ओहमचा आहे. नियंत्रक या दोन तारांतून सतत अत्यल्प वीज पाठवीत असतो आणि परत येणाऱ्या उत्तराकडे लक्ष ठेवतो. उत्तर १००० ओहमच्या आसपास आले, तर सर्व ठीक आहे. ते शून्याच्या जवळ गेले, तर पट्टी दाबली गेली आहे, दार थांबवा. आणि उत्तरच आले नाही, म्हणजे रोध अनंत झाला, तर कुठेतरी तार तुटली आहे. पहारेकरी जिवंत आहे की नाही याची खात्री नाही, तेव्हा मोटारीने दार लावूच नका. पहारेकऱ्याचे मौन हे 'सर्व ठीक' असे समजावयाचे नाही, हा त्या टोकाच्या रोधकाचा अर्थ. चोर किंवा आग यांची वर्दी देणाऱ्या यंत्रांतही हीच युक्ती वापरली जाते.

आमच्या घरी अशी एक जुनी व्हॅन आहे. कॅनडात, टोरोंटोच्या पश्चिमेला आम्ही राहतो. माझी आई वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वसईहून आमच्याकडे आली, ती चार चाकी काठीचा आधार घेऊन चालते. तिच्यासाठी आणि आमच्याच धर्मग्रामातील आणखी दोन वृद्ध बायांसाठी ती गाडी म्हणजे मिस्साला जाण्याचा एकमेव मार्ग. गाडी बहुधा माझी पत्नी चालविते. तिच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने तिला जड दार हाताने ओढता येत नाही. तेव्हा दार विजेवर चालणे ही आमच्याकडे चैन नव्हती.

२०२३ च्या जानेवारीत त्या दाराने पहिल्यांदा हट्ट धरला. उघडताना ते निमूट उघडे. लावू गेले की वीतभर पुढे येई, थबके, तीनदा शीळ घाली आणि मागे जाई. जणू त्याच्या कडेला कुणाचे बोट सापडले आहे! प्रारंभी हा प्रकार बर्फ वितळून रस्ते ओले झाले की होई. कोरड्या दिवशी दार शहाण्यासारखे वागे. राखेचा बुधवार आला तोवर ओले-कोरडे हा भेदही उरला नाही. चर्चच्या दारात गाडी उभी राही, मागे गाड्यांची रांग लागे आणि आमचे दार पुढे-मागे येरझारा घालीत शीळ घालीत बसे. आई संकोचाने अर्धी होई. एका रविवारी ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढा खटाटोप नको रे. मी टीव्हीवर मिस्सा पाहीन." प्रायश्चित्तकाळ सुरू झालेला आणि आई घरी बसण्याची भाषा करते आहे, हे मला सोसवेना.

एका दुरुस्तीच्या कारखान्यात गाडी दाखविली. तिथल्या माणसाने दार दोनदा चालवून पाहिले आणि मोटार, तिचे दोर आणि सगळा सांगाडा बदलावा लागेल असे सांगितले. खर्चाचा आकडा आमच्या महिन्याच्या घरभाड्याला भिडणारा होता. दुसरा सल्ला एका स्नेह्याने दिला आणि तो अगदी फुकटात होणारा होता. तो म्हणाला, "पट्टीच्या त्या दोन तारा आतल्या बाजूला कापायच्या आणि त्यांच्या टोकांत एक हजार ओहमचा रोधक लावून टाकायचा. चार आण्याची वस्तू. नियंत्रकाला वाटेल, सगळं ठीक आहे. दार लागायला लागेल." सल्ला तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होता. दार खरोखरच लागले असते. मी संकोच दाखविताच तो पुढे म्हणाला, "अरे, मोटारीजवळचा दुसरा पहारा आहेच की!"

त्या रात्री वसईला दादाला फोन लावला. माझे हे थोरले बंधू मोटारी वाइंडिंग करण्याचे छोटे दुकान चालवितात. आमच्याकडच्या वाड्यांतून केळी, पानवेल आणि भाजीपाला यांना पाणी देणाऱ्या विहिरींवर रहाटांच्या जागी पंप आले, तेव्हापासून जळलेल्या मोटारी त्यांच्या दुकानी येत आल्या आहेत. सरकते विजेरी दार त्यांनी जन्मात पाहिलेले नाही. पण त्यांचा पहिला प्रश्न ऐकूनच मला धीर आला.

"काय बिघडलंय ते नंतर सांग," दादा म्हणाला. "आधी काय काय चालतंय ते सांग."

मी सांगू लागलो. दार कळ दाबली की पूर्ण उघडते. वीज बंद करून हाताने सरकविले तर सहज सरकते. हाताने लावले तर कुलूप व्यवस्थित बसते.

"म्हणजे फ्यूज शाबूत, मोटार शाबूत, दोर शाबूत. उघडताना जी मोटार फिरते तीच लावताना उलटी फिरते ना? मग ती बदलायची कशाला?" दादाने विचारले. "आता सांग, दार परत कुठून फिरतं?"

"वीतभर पुढे आलं की."

"रोज तिथूनच?"

"रोज तिथूनच."

दादा जरा थांबला. "मग दोनच संशयित. एक तर त्या जागी रुळात खडाबिडा अडकलाय. नाहीतर त्या जागी एखादी वायर वाकते आणि वाकताना दुसरीला लागते. पट्टी स्वतः खराब असती तर तिनं जागा कशाला बघितली असती? दार कुठंही असलं तरी ती ओरडली असती. आधी रूळ झाड. मग मीटर घे. मीटरला एका वेळी एकच प्रश्न विचार, म्हणजे तो सरळ उत्तर देईल."

स्नेह्याने सुचविलेली युक्तीही मी त्याच्या कानी घातली. त्यावर दादाचा आवाज बदलला. "पंपाचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून त्यात जाडी तार घालणारे खूप बघितले मी. फ्यूज उडायचा थांबतो, मोटार जळते. दाराला आंधळं करू नकोस. आई बसते त्यात."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाहेर थंडी होती पण ऊन पडले होते. दाराचा खालचा रूळ मी ब्रशाने झाडला, फडक्याने पुसला. वाळू आणि रस्त्यावरच्या मिठाचा चुरा निघाला. अडेल असा खडा मात्र नव्हता. दार हाताने सावकाश सरकवून पाहिले. ज्या जागेवरून ते परत फिरत असे तिथे हाताला कसलाही अडथळा लागला नाही. पहिला संशयित सुटला. पहिल्या पहारेकऱ्याला तक्रार करण्याचे कारणच नव्हते. तेव्हा तक्रार येत होती ती दुसऱ्याकडून, कडेवरच्या पट्टीकडून किंवा तिच्या तारांकडून.

या कामात घाई चालत नाही. आधुनिक गाडीत हवेच्या सुरक्षा-पिशव्यांचेही संवेदक असतात. म्हणून बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे थांबावे लागते. रोध मोजावयाचा तर मंडलात वीज नसली पाहिजे, हा नियमही आहेच. ते झाल्यावर दाराच्या आतील आच्छादन काढले आणि रबरी पट्टीचा जोड सुटा केला. आता पट्टी एकटी होती. मीटरची दोन टोके तिच्या दोन तारांना लावली. उत्तर आले, १००० ओहमच्या जवळचे. मग वरपासून खालपर्यंत, चार-चार बोटांच्या अंतरावर पट्टी दाबीत गेलो. प्रत्येक दाबाला आकडा शून्याकडे घसरे आणि बोट उचलताच पुन्हा हजारावर येई. कुठेही ती आंधळी नव्हती आणि कुठेही खोटे ओरडत नव्हती. ज्या पहारेकऱ्याला आम्ही दोषी मानीत होतो, तो आपले काम चोख करीत होता.

आता उरल्या होत्या त्या पट्टीपासून नियंत्रकापर्यंत जाणाऱ्या तारा. आमच्या गाडीत नियंत्रक मागच्या चाकावरील आच्छादनाच्या आड बसविलेला आहे. त्याच्याकडचा जोडही मी सोडविला. या दोन तारांची दोन्ही टोके आता मोकळी होती. त्या एकमेकींना कुठेही टेकत नसतील, तर त्यांच्यामधला रोध अनंत दिसला पाहिजे. दार पूर्ण उघडे असताना मीटरने अनंतच दाखविला. मग पत्नीने मीटरवर डोळे ठेवले आणि मी दार तसूतसूने पुढे आणू लागलो. वीतभर अंतर कापले असेल नसेल, ती म्हणाली, "थांबा! चार ओहम." दार आणखी पुढे नेले, पुन्हा अनंत. मागे आणले, पुन्हा चार. दोष सापडला नव्हता, पण तो कुठे राहतो हे कळले होते.

मीटर हातात घेऊन काम करताना त्याच्या तोंडावरची तीन अक्षरे सतत डोळ्यांपुढे असतात: व्होल्ट, अँपियर आणि ओहम. १८८१ साली पॅरिसमध्ये भरलेल्या विद्युततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही एकके जगासाठी मान्य केली. ही तिन्ही नावे माणसांची आहेत आणि कॅथलिक वाचकांना ती माणसे परकी वाटू नयेत. आलेस्सांद्रो व्होल्टा हा इटलीतील कोमो गावचा. १८०० साली त्याने पहिली विद्युत्घटमाला जगापुढे ठेवली आणि १८१५ मध्ये आपल्या कॅथलिक श्रद्धेची लेखी कबुलीही दिली. आंद्रे-मारी अँपियर हा लियोंजवळ वाढलेला फ्रेंच शास्त्रज्ञ. १७९३ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याच्या वडिलांचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला आणि १८०३ मध्ये तरुण पत्नी गेली. संशयाच्या काळोखातून जाऊन तो पुन्हा श्रद्धेकडे परतला. पुढे त्याच्या पॅरिसमधील घरी फ्रेदेरिक ओझानाम नावाचा एक विद्यार्थी राहावयास आला. १८३३ साली ज्या तरुणांनी गोरगरिबांच्या घरी जाऊन सेवा करण्याचे व्रत घेतले आणि ज्यांतून सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली, त्यांचा हा अग्रणी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. आपल्या धर्मग्रामांतील या संस्थेचे सभासद एखाद्या आजाऱ्याचे दार ठोठावतात, तेव्हा विजेच्या प्रवाहाला नाव देणाऱ्या त्या शास्त्रज्ञाच्या घरचे थोडे ऋण त्यांच्याही पाठीशी असते.

तिसरा गेओर्ग ओहम. हा प्रोटेस्टंट होता. पण १८१७ पासून तो कोलोन शहरातील जेज्विटांच्या जुन्या विद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत होता आणि तिथल्या प्रयोगशाळेतच त्याचे विजेवरचे प्रयोग सुरू झाले. १८२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे वडील कुलपे बनविणारे कारागीर होते. मुलाला पहिले गणित आणि विज्ञान त्यांनीच शिकविले. कुलपे घडविणाऱ्या बापाच्या मुलाने सांगितलेला नियम आज आमच्या बंद न होणाऱ्या दाराचे निदान करीत होता, याची मला मौज वाटली.

सरकत्या दाराच्या तारांची एक अडचण असते. बिजागरीच्या दाराला तारा थोड्याच वाकवाव्या लागतात; सरकते दार मात्र हातभराहून अधिक प्रवास करते आणि त्याच्यामागून तारांनाही तेवढाच प्रवास करावा लागतो. म्हणून त्या सगळ्यांचा एक चपटा जुडगा करून तो साखळीसारख्या वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या मार्गदर्शकातून उंबरठ्याखालून नेलेला असतो. दार जसे सरकते तसे त्या जुडग्याचे वळण पुढे-मागे फिरत जाते. वर्षाकाठी हजारो वेळा ते त्याच जागी वाकते. उंबरठा ही गाडीतील सर्वांत सखल जागा. बुटांबरोबर आलेला बर्फ तिथे वितळतो. इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात आणि मिठाचे पाणी हे विजेचे चांगले वाहक आहे. तारेवरचे आवरण झिजले की ते पाणी आत शिरते, तांब्याला गंज चढवते आणि दोन तारांमध्ये चोरवाट तयार करते. अशी चोरवाट २५० ओहमची जरी झाली, तरी १००० ओहमच्या रोधकाला ती समांतर जोडली गेल्याने नियंत्रकाला दिसणारा एकूण रोध २०० ओहमवर उतरतो. प्रारंभी केवळ ओल्या दिवशी दार का रुसत होते, याचा उलगडा इथे होतो. पुढे आवरण पुरते फाटले आणि तांबे तांब्याला टेकू लागले, तेव्हा पाण्याचीही गरज उरली नाही.

मार्गदर्शकाचे झाकण उघडले. बाहेरच्या वळणावर दोन तारांची कातडी बोटाच्या पेराएवढ्या लांबीत सोलली गेली होती. तांब्यावर हिरवी बुरशी धरावी तसा गंज चढला होता. दार वीतभर पुढे आले की हे वळण नेमके आवळले जाई आणि दोन उघड्या जागा एकमेकींना टेकत. पट्टीच्या तारा आणि नियंत्रक यांच्या मधोमध बसून कुणी तिसराच 'बोट सापडले, बोट सापडले' असे ओरडत होता.

दुरुस्ती करताना एक गोष्ट दादाने फोनवर बजावून सांगितली होती. वाकणाऱ्या जागी डाग द्यावयाचा नाही. कथलाने जोडलेली तार त्या जागी ताठ होते आणि ताठ तार वाकविली की तुटते. वरवर काळी टेप गुंडाळून भागत नाही, कारण तीही घासली जाते आणि तिच्याखाली पाणी साचते. म्हणून त्या दोन तारांचा वळणातला सगळा भाग मी काढून टाकला. बारीक बारीक पदरांची, लवचिक आवरणाची नवी तार त्या लांबीत घातली आणि तिचे जोड दोन्ही बाजूंना, जिथे जुडगा हलत नाही अशा ठिकाणी दिले. प्रत्येक जोड डाग देऊन वर उष्णतेने आकसणारी नळी चढविली. शेजारच्या तारांची कातडीही एकेक करून तपासली. ज्या मिठाने दोन तारा खाल्ल्या, त्याने तिसरीला चाटले नसेल कशावरून? सुदैवाने त्या शाबूत होत्या. आच्छादने बसविण्यापूर्वी दार हाताने पन्नास वेळा पुढे-मागे केले आणि मीटर पाहिला. अनंत तो अनंतच राहिला.

बॅटरी जोडून कळ दाबली. दार पुढे आले, ती वीतभर जागा ओलांडून गेले आणि हलकेच आपल्या जागी बसले. पण काम इथे संपत नाही. दार लागले, एवढ्याने ते बरे झाले असे म्हणता येत नाही. स्नेह्याच्या रोधकानेही ते लागलेच असते. जाड पुठ्ठ्याची एक पोकळ नळी घेऊन मी ती लागत्या दाराच्या वाटेत धरली. आधी वर, मग मध्ये, मग खाली उंबरठ्याजवळ. तिन्ही वेळा दाराने नळीला स्पर्श केला मात्र आणि माघार घेतली. पुठ्ठ्यावर चिमटा बसल्याची खूणही उमटली नाही. तेव्हा कुठे पत्नीने दादाला फोन लावला.

आठव्या आज्ञेचा विचार आपण बहुधा माणसाच्या जिभेच्या संदर्भात करतो. खोटी साक्ष म्हणजे कोर्टात किंवा चारचौघांत दुसऱ्याविरुद्ध बोललेले असत्य. चार आण्यांचा रोधकही खोटी साक्ष देऊ शकतो, हे मला त्या दिवसांत कळले. तो नियंत्रकाला अष्टौप्रहर सांगत राहिला असता की, सर्व ठीक आहे. आईचा हात दाराच्या कडेला असताना त्याने तेच सांगितले असते. पहिला पहारेकरी आहेच, असे स्नेही म्हणत होता. परंतु तो जागा होतो तो मोटारीवर भार पडल्यावर. अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेल्या बोटांच्या हाडांवर तो भार आधी पडावयाचा, ही किंमत त्याने हिशेबात धरली नव्हती. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला आमचा खर्च वाचवावयाचा होता. खोट्या साक्षी पुष्कळदा अशाच सद्‌हेतूने दिल्या जातात.

सदसद्विवेकबुद्धीचे दुखणेही याच जातीचे असावे, असे मला वाटते. ज्याला पदोपदी पापच दिसते, निवेदन करून उठतो न उठतो तोच पुन्हा शंका येते की आपले काहीतरी राहून गेले, त्याची बुद्धी मुळात वाईट नसते. तिच्या वाटेत कुठेतरी आवरण सोलले गेलेले असते. अशा अतिशंकेला जुने धर्मगुरू 'स्क्रुपुलुस' या लॅटिन शब्दावरून नाव देत. त्या शब्दाचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा. संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२-२३ मध्ये मान्रेसा येथे या खड्याने इतके टोचले की त्यांचे जगणे असह्य झाले. पुढे त्यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधने'त या विषयावर स्वतंत्र टिपणे लिहिली. या दुखण्यावर दोन सोपे उपाय लोक सुचवितात. एक म्हणजे सगळेच बदलून टाका, हा धर्म सोडा, ही बंधने फेकून द्या. मोटारच बदला म्हणण्यासारखा हा उपाय. दुसरा म्हणजे बुद्धीच्या तारा कापून तिथे 'सगळे चालते' असे सांगणारा एक रोधक बसवा. दोन्ही उपायांनी शीळ थांबते. तिसरा उपाय सावकाश असतो. काय काय शाबूत आहे ते आधी पाहावयाचे, मग एका वेळी एकच प्रश्न विचारीत, शहाण्या माणसाच्या मदतीने, तार नेमकी कुठे सोलली आहे तिथवर जावयाचे. पापनिवेदनाच्या जागी चांगला धर्मगुरू नेमके हेच करीत असतो.

झावळ्यांच्या रविवारी, २ एप्रिलला, आईने आपणहून दाराची कळ दाबली. तिच्याबरोबरच्या दोघी बाया आत बसल्या होत्या आणि त्यांच्यातल्या एकीच्या शालीचे टोक दारात लोंबत होते. लागत आलेले दार शालीच्या गाठीला टेकले, थांबले आणि मागे गेले. त्या बाई दचकल्या. "बिघडलं का गं पुन्हा?" त्यांनी विचारले.

"नाही बाई," आई शाल आत घेत म्हणाली, "आता ते खरं बोलतंय."